आबाजींचं पिस्तूल रोज कमरेला लावावं का?

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास एक जुना मित्र घरी आला. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. नेर तालुक्यातला आहे, एवढं पुरे. आम्ही सोबत शिकलो. तो शेती आणि कापसाच्या धंद्यात गेला, मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून इथंच बातम्या लिहीत बसलो. त्याची खेडा खरेदी आहे. सीझनमध्ये यवतमाळहून रोकड आणायची, गावोगाव काटा लावायचा आणि शेतकऱ्याच्या हातात तिथल्या तिथं पैसे मोजायचे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्याच्या गाडीमागं दोन मोटारसायकली बऱ्याच अंतरापर्यंत लागून होत्या. हा थांबला की त्या थांबत, हा निघाला की त्या निघत. शेवटी एका ढाब्यावर गर्दी पाहून त्यानं गाडी आत घातली, तेव्हा त्या पुढं निघून गेल्या. झालं काहीच नाही. पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

चहा झाल्यावर त्यानं मोबाईलवर एक फोटो दाखवला. लाल मखमलीवर ठेवलेलं काळं, चपटं, जरा चौकोनी दिसणारं पिस्तूल.

"आबाजीचं हाय. आता लायसन माह्या नावावर झालं. मले एवढंच सांग, हे रोज कमरेले लावून फिरलं तं चालते का?"

मी म्हटलं, "कायद्यानं म्हणतोस का?"

"कायद्याचं वकील सांगन. तू इतिहास-बितिहास वाचत रायतं म्हणून तुले विचारतो. हे काम देईन का?"

प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता आलं नाही. महिनाभर वाचलं, दोन-तीन जाणकारांना भेटलो, त्याच्यासोबत एका कारागिराकडे जाऊन आलो. आता त्याच्या परवानगीनं इथं लिहितोय, कारण आपल्या भागात असं एखादं हत्यार कपाटात असलेली घरं बरीच आहेत आणि प्रत्येक घरात नातू हाच प्रश्न विचारतोय. उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही. रोज बाळगायला ते आता कामाचं नाही. पण ते का नाही, आणि तरी त्याची किंमत लाखांत का गेली, ही गोष्ट मला त्या उत्तरापेक्षा जास्त सांगण्यासारखी वाटते.

फोटो मोठा करून वाचलं. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम. बोअर .३२. घरात सांगतात की १९४७ साली एका इंग्रज साहेबानं विलायतेला जाताना आबाजींना ते प्रेमानं भेट दिलं. आता विदर्भातल्या प्रत्येक जुन्या वाड्यातलं हत्यार कुण्यातरी जाणाऱ्या साहेबानं प्रेमानंच दिलेलं असतं. वऱ्हाडात इतके साहेब होते तरी कुठं, हा मला पडलेला जुना प्रश्न. मित्राला म्हटलं, जुनं लायसनचं पुस्तक काढ. पिवळ्या पडलेल्या पानावर स्पष्ट नोंद निघाली: पन्नासच्या दशकात एका परवानाधारक दुकानातून रीतसर विकत घेतलेलं. साहेब गेला उडून. मित्र जरा हिरमुसला, पण मला ती नोंद त्या साहेबापेक्षा मोलाची वाटली. हत्याराची वंशावळ कागदावर असणं, ही आपल्याकडे मोठी गोष्ट आहे.

हे पिस्तूल कशासाठी बनलं होतं ते पाहू. डिसेंबर १९१० मध्ये लंडनच्या हाउंड्सडिच भागात चोरट्यांनी तीन पोलिसांना गोळ्या घालून मारलं. त्यातलेच दोघं जानेवारी १९११ मध्ये सिडनी स्ट्रीटवरच्या एका घरात सापडले. तिथं पोलिसांची त्यांच्याशी तासन् तास चकमक चालली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, आणि तेव्हाचे गृहमंत्री विन्स्टन चर्चिल स्वतः रस्त्यावर उभे राहून बघत होते. चोरट्यांकडे मॉझर, ब्राउनिंगसारखी नवी सेल्फलोडिंग पिस्तुलं आणि पोलिसांकडे जुनी हत्यारं, असा प्रकार झाला. त्यावर बरीच ओरड झाली आणि त्याच वर्षी लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी वेब्लीचं हे .३२ पिस्तूल घेतलं. आठ गोळ्यांचं मॅगझिन, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, त्या काळी एकदम नवी वस्तू.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. लंडनचा साधा शिपाई हे पिस्तूल कमरेला लावून गस्त घालत नव्हता. तिथला शिपाई बिनहत्यारीच फिरायचा, आजही बहुतेक तसाच फिरतो. पिस्तुलं ठाण्यात कुलपात असायची आणि गरज पडली तर नोंद करून हातात दिली जायची. म्हणजे ज्या काळात ते कोरं करकरीत होतं, स्प्रिंगा नव्या होत्या, सुटे भाग बर्मिंगहॅममधून हवे तेवढे मिळत होते, त्या काळातही ते 'रोज कमरेला' नव्हतं. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

वेब्लीनं हे पिस्तूल दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला बनवणं थांबवलं. म्हणजे बंद होऊन ऐंशीच्या वर वर्षं झाली. तरीही त्यात घालायचं काडतूस आज आपल्याकडे मिळतं. हे कसं काय, याचा शोध घेताना मी नाशिकला जाऊन पोचलो. म्हणजे पुस्तकातून हो.

अमेरिकेतल्या जॉन ब्राउनिंग या माणसानं बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी १८९९ मध्ये ७.६५ मिलिमीटरचं एक छोटं काडतूस तयार केलं. आपण ज्याला पिस्तुलाचं .३२ म्हणतो, ते हेच. त्याच्या पिस्तुलांनी जग भरून गेलं आणि 'ब्राउनिंग' हे नावच खिशातल्या पिस्तुलाला पडलं. १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन ट्रंकेच्या चोरकप्प्यात वीस ब्राउनिंग पिस्तुलं लपवून मुंबईला उतरला. ती सावरकरांनी पाठवलेली होती. त्यातल्याच एका पिस्तुलानं २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. जॅक्सनची बदली झालेली होती आणि त्याच्या सन्मानार्थ 'संगीत शारदा'चा प्रयोग लावला होता. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी दिलं गेलं. सावरकरांवरच्या खटल्यातही ही वीस पिस्तुलं होतीच.

वीस पिस्तुलांसाठी चोरकप्पा का लागला? कारण १८७८ चा शस्त्र कायदा. व्हाइसरॉय लिटननं मार्च १८७८ मध्ये दोन कायदे आणले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा, दुसरा हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगू न देणारा. युरोपियनांना त्यातून सूट. एकाच महिन्यात लेखणी आणि बंदूक दोन्ही साहेबाच्या परवानगीखाली गेली. पत्रकार म्हणून मला यातली पुढची गंमत फार आवडते: वर्तमानपत्रांचा कायदा चार वर्षांत मागे घ्यावा लागला, हत्यारांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं चालत राहिला. १९५९ चा नवा शस्त्र कायदा आला आणि तो अमलात यायला १ ऑक्टोबर १९६२ उजाडलं. वंशभेदाची सूट केव्हाच गेली होती, पण 'आधी परवाना, मग हत्यार' हे तत्त्व तेच राहिलं. त्यामुळंच आपल्याकडे परवाना ही नुसती परवानगी राहिली नाही, इभ्रत झाली. तालुक्यात कुणाकडे लायसन आहे हे लोक अजूनही बोटांवर सांगतात.

१९६२ च्या नियमांनी आणखी एक गोष्ट केली, जी आजच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. सरकारी दलांची काडतुसं ज्यात चालतील अशी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं, म्हणजे ९ मिलिमीटर, .३८०, .४५५, .४५ ही सगळी, 'प्रतिबंधित बोअर' ठरली. हेतू सरळ होता. सरकारी गोदामातून गोळी फुटली तरी ती खासगी हत्यारात चालू नये. मग सामान्य परवानाधारकाला उरलं काय? .२२, .२५ आणि मुख्य म्हणजे .३२. बाकीचं जग मोठ्या बोअरकडे गेलं, आपण १८९९ च्या काडतुसापाशी थांबलो. म्हणून आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा 'केएफ' छाप असलेलं .३२ चं काडतूस नव्वद वर्षांच्या विलायती पिस्तुलात बसतं. तो कारखानाही १८६९ चा, म्हणजे या कायद्यांपेक्षा जुना.

इथं एक सावधगिरी, कारण दोन घरांत हा घोळ मी स्वतः ऐकलाय. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही वेगळी काडतुसं आहेत. नाव एक, पण लांबी आणि बुडाची ठेवण वेगळी. आजोबांच्या डब्यातली काडतुसं आजोबांच्याच हत्याराची असतील असं धरून चालू नका. जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

आता किमतीकडे येतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, पंजाब पेटलेला असताना, केंद्रानं खासगी माणसांसाठी बंदुका-पिस्तुलांची आयात बंद केली. खेळाडू वगैरे थोडे अपवाद सोडले तर दार लागलं ते लागलंच. त्या दिवशी देशात जेवढी विलायती हत्यारं परवान्यावर होती, तेवढाच माल. त्यात भर पडणं जवळपास संपलं, आणि घेणारे मात्र वाढत गेले. त्यामुळं युरोप-अमेरिकेत जे जुनं पिस्तूल साध्या मोबाईलच्या भावात पडून असतं, तेच आपल्याकडे लाखांत जातं. वाल्थर, कोल्ट, वेब्ली ही नावं सातबाऱ्यासारखी बोलली जातात. कस्टम्सनं जप्त केलेली विलायती हत्यारं खासदारांना आणि बड्या लोकांना स्वस्तात मिळत होती, हे माहितीच्या अधिकारातून बाहेर आलेलं आहेच. तेव्हा ती किंमत पिस्तुलाच्या गुणाची नाही. ती बंद दाराची किंमत आहे. दुसऱ्या शब्दांत, आपल्या बाजारात ते जितकं महाग तितकं चांगलं, असं धरणं ही फसगत आहे. मित्राच्या मनात नेमकं हेच होतं. "पाच-सात लाखाले मागून रायले लोकं, मंग काहीतं असनच ना त्याच्यात!"

असेलही. पण काय आहे ते बघायला आम्ही एका जुन्या, परवाना असलेल्या कारागिराकडे गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोळ्याला भिंग लावून बसलेला. पिस्तूल हातात घेताच त्यानं आधी मॅगझिन काढलं, मग वरचा भाग मागं ओढून आत गोळी नाही याची खात्री केली आणि मग आमच्याकडे पाहून विचारलं, "दसऱ्याला कुंकू लावता का याला?"

लावतात. दरवर्षी शस्त्रपूजा होते. हळद, कुंकू, झेंडू, पाण्याचा शिपका. नंतर पुसून परत मखमलीत. कारागिरानं भिंगातून गंजाचे बारीक खड्डे दाखवले. मखमल ओल धरते, कातड्याचं म्यानही धरतं. हत्यार म्यानातच वर्षभर ठेवणं म्हणजे ते हळूहळू गंजवणं. पूजा करा, पण पूजा झाली की त्याच दिवशी कोरड्या कपड्यानं पुसून हलका तेलाचा हात द्या, आणि मखमल देव्हाऱ्यासाठी ठेवा, असं म्हणाला. मला हा माणूस आवडला.

मग त्यानं उजव्या बाजूची मुठीची पट्टी सोडवली. ती सोडवताना त्याचा श्वास रोखलेला दिसत होता, कारण ती जुन्या कडक रबराची असते आणि इतक्या वर्षांनी काचेसारखी तडकते. पट्टीखाली या पिस्तुलाचा जीव आहे: इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकवलेली चपटी स्प्रिंग. गोळी झाडली की वरचा भाग मागं जातो आणि ही स्प्रिंग त्याला परत पुढं आणते. आजकालच्या पिस्तुलात गोल गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती बदलायला सोपी. ही पट्टी थकली किंवा तुटली की पिस्तूल लोखंडाचा तुकडा. नवी कुठून आणणार? कारखान्यानं बनवणं सोडून दिलं, आयात बंद. कारागीर घडवून देतो, चांगली घडवतो, पण ती हाताची. "शंभर गोळ्या चालेल, की तिसऱ्याला दगा देईल, हे मी लिहून देऊ शकत नाही," असं त्यानं स्पष्ट सांगितलं. मॅगझिन एकच, त्याचे ओठ जरा वाकलेले. त्यामुळं काडतूस तिरकं चढून अडकण्याची शक्यता. राजदूत मोटारसायकल आठवा. अजून चालते, हौशी लोक झळाळत ठेवतात, पण दवाखान्यात पेशंट न्यायला कुणी राजदूत बाहेर काढतं का?

मित्रानं विचारलं, "आत गोळी ठेवून, सेफ्टी लावून ठेवलं तर?"

म्हातारा हसला नाही. म्हणाला, या जमान्याच्या पिस्तुलात पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आतली सुई अडवणारी सोय नाही. ती नंतर आली. खिशातून, कमरेतून दगडावर पडलं तर सुटू शकतं. मोटारसायकलवरून घसरलात तर तुमच्याच मांडीत. म्हणून नळीत गोळी न ठेवता न्यायचं. मग वेळ आली की शर्ट वर करायचा, पिस्तूल काढायचं, दोन्ही हातांनी वरचा भाग ओढायचा, सेफ्टी बघायची आणि मग नेम धरायचा. समोरचा तोवर घड्याळ बघत थांबणार आहे का?

मी मित्राला विचारलं, आजवर यातून किती गोळ्या झाडल्यास? एकही नाही. वडिलांनी? त्यांनीही नाही. आबाजींनी कधीतरी झाडली असेल, नक्की कुणाला माहीत नाही. माझ्या मते खरा मुद्दा इथंच संपतो. जुनं असो की नवं, जे हातात कधी चाललंच नाही ते अंधारात, घाबरलेल्या हातात पहिल्यांदा चालेल हा भरवसा कशावर धरायचा?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण लोक ती अर्धवट सांगतात. 'जुनं आहे, आजोबांचं आहे, शोभेचं आहे' म्हणून सूट नाही. कायद्याच्या कलम ४५ मधली सूट अशा कालबाह्य हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. आपलं झाडता येतं. वारसाहक्कानं घ्यायला २०१६ च्या नियमांत रस्ता आहे: परवानाधारक वारला तर, किंवा त्याला सत्तर वर्षं पूर्ण झाली अथवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं तर, वारसाच्या नावे परवाना मागता येतो. मित्राच्या वडिलांनी सत्तरीनंतर तसंच केलं. पण घरी पडून आहे म्हणून नुसतं वापरायला लागलात तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच हत्यारं, त्यात वारशाचंही मोजलं जातं. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीनं लग्ना-मिरवणुकीत हवेत गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवलाय. सार्वजनिक ठिकाणी नेताना ते म्यानात, झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. कमरेला दिसेल असं लावून पानठेल्यावर उभं राहणं हे कायद्यातही बसत नाही आणि अकलेतही.

आणि निवडणूक! आचारसंहिता लागली की हत्यार कुणाचं जमा करायचं हे छाननी समिती ठरवते, प्रत्यक्षात बहुतेकांना ठाण्यात नेऊन द्यावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला. मग विधानसभा, १५ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर. विधानसभेची तारीख बघा, कापसाचा सीझन. ज्या महिन्यात आपला माणूस रोकड घेऊन फिरतो त्याच महिन्यात त्याचं पिस्तूल मालखान्यात. 'रोज'चा अर्थ इथं काय उरला?

वापरलंच, तर? स्वसंरक्षणाचा हक्क आहे. आधी दंडसंहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण तो धोक्याच्या मापाचा असतो. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालायचा तो हक्क नाही. आणि हक्क सिद्ध होईपर्यंत पिस्तूल मुद्देमाल म्हणून जप्त, पंचनामा, तपासणी, तारखा. आबाजींची आठवण चिठ्ठी लावलेल्या पाकिटात किती वर्षं पडेल सांगता येत नाही. चोरट्यानंच हिसकावलं तर ते आणखी वाईट. रोकड गेली तर नुकसान तुमचं. पिस्तूल गेलं तर ते पुढं कुणावर रोखलं जाईल?

एवढं ऐकल्यावर मित्र चिडला. रास्त होतं ते. "मंग मी काय करू? मागं लागले होते ते खोटं हाय का?"

खोटं नाहीच. त्याची भीती खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्यांपैकी मी नाही. नवं घ्यायचं तर पर्याय आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं हलकं .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, अर्धा किलोचं, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं. आणि गंमत म्हणजे वेब्ली अँड स्कॉट ही बर्मिंगहॅमची कंपनी २०२० मध्ये भारतीय भागीदार घेऊन उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं .३२ रिव्हॉल्व्हर बनवायला लागली. म्हणजे आबाजींच्या पिस्तुलावरचं नाव असलेलं नवं हत्यार, सुट्या भागांसकट, आता देशातच मिळतं. रोज बाळगायचंच असेल तर जुन्यापेक्षा हे कधीही बरं, आणि तेही प्रशिक्षण घेऊन, सराव करून.

पण त्याचा प्रश्न मला वेगळाच दिसायला लागला होता. मी विचारलं, रोकड का नेतोस? खात्यावर का नाही टाकत? तो म्हणाला, शेतकरीच नको म्हणतो. खात्यावर पैसा आला की बँक तो थकीत पीककर्जात वळता करून घेईल ही धास्ती. काहींचे पैसे तसे गेलेत. सोयाबीन गेलं, कापूस हातात आला, पोरीची फी आहे, किराणा उधार आहे, आणि सगळे पैसे कर्जात. म्हणून नगदी. म्हणून खेडा खरेदी. म्हणून संध्याकाळी रस्त्यावर बॅग, आणि बॅगेमागं मोटारसायकली. ही साखळी पिस्तुलानं कुठं तुटते ते मला सांगा. यावर मी वेगळं लिहीन, कारण ज्यांच्या खात्यातून पैसे वळते झाले अशा माणसांशी बोलून लिहायचंय. तुमच्यापैकी कुणाचं असं झालं असेल तर मेसेज करा, नाव छापणार नाही.

परत येताना आम्ही त्याच्या घरी थांबलो. त्याचे वडील ओसरीवर बसले होते. पिस्तूल कारागिराला दाखवलं म्हटल्यावर त्यांनी आधी पट्टी तडकली तर नाही ना, हे विचारलं. मग मी सहज विचारलं, "काका, आबाजी हे रोज जवळ ठेवायचे का?"

"छे! आबाजीनं हे कधी गावाबाहेर नेलंच नाही. बाजाराले जायचे तं काठी आन् सोबत एक माणूस. हे कपाटात. कोणी आलं-गेलं तं दाखवायचे."

मित्र माझ्याकडे बघत होता. मी काही बोललो नाही. लंडनची पिस्तुलं ठाण्याच्या कुलपात, आबाजींचं वाड्याच्या कपाटात. त्या पिढीला जे कळत होतं ते आपल्याला महिनाभर फिरून कळलं.

पिस्तूल आता तेल लावलेल्या सुती फडक्यात, लोखंडी कपाटात आहे. काडतुसं वेगळ्या कुलपात. विकायला तो तयार नाही, आणि विकू नये असंच मलाही वाटतं. निदान काका आहेत तोवर. काट्याची वेळ त्यानं सकाळची केली, साळ्याला सोबत घेतो, रोकड एका फेरीऐवजी दोन फेऱ्यांत आणि रोज वेगळ्या रस्त्यानं आणतो. आठ-दहा शेतकरी घरातल्या दुसऱ्या खात्यावर पैसे घ्यायला तयार झालेत. त्या मोटारसायकलींबद्दल ठाण्यात लेखी देऊन आला, जे खरं तर त्याच संध्याकाळी करायला हवं होतं.

यवतमाळहून निघालं की तो मला फोन करतो आणि पोचला की परत करतो. काल सव्वासहाला आला होता. उजेड होता अजून.